शर्टवाली माणसं

भिंगरीला नोकरी लागली ती एका वाईट सवयीमुळे. वाईट सवयींनी माणसांच्या नोकऱ्या जातात, लागत नाहीत. पण या मुलीचं सगळंच उफराटं. शाळेत असल्यापासून तिला लोकांचे फोटो बघायचा नाद. फोन हातात आला की अंगठा वर सरकत राहायचा आणि डोळ्यांचं काम सुरू व्हायचं. हिचा दंड बघ, तिची कंबर बघ, हिची मान केवढी लांब, तिच्या हनुवटीखाली दुसरी हनुवटी आहे की नाही. मग स्वतःचा दंड चिमटीत धरून बघायचा, तोंड वाकडं करायचं आणि पुन्हा अंगठा वर. आई म्हणायची, "त्या फोनमधे काय पुरून ठेवलंयस?" पुरलेलं काही नव्हतं. पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कमरा निरखल्यावर नजर अशी तयार झाली, की एखादा फोटो नुसता समोरून गेला तरी त्यातलं माणूस नखापासून केसापर्यंत तिच्या डोक्यात उतरायचं.

भिंगरी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरच्यांनी भिंगरी म्हटलं. पुढे फोन आला आणि ती तासन्‌तास एका जागी बसायला लागली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ऑफिसातही तिने पहिल्या दिवशी तेच सांगितलं.

ऑफिसचं काम मोठं मजेशीर होतं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसंही फोन वापरतात, आणि त्यांचा फोन त्यांना पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. पण तो बिचारा फोटोपाशी आला की अडतो. "फोटो" एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. म्हणून प्रत्येक फोटोच्या मागे, इतरांना दिसणार नाही असं, दोन-तीन वाक्यांचं वर्णन लिहून ठेवायचं असतं. ते फोन वाचतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की समोर काय आहे. कपडे विकणारी, व्यायाम शिकवणारी, केक करून दाखवणारी अशी मोठमोठी अकाउंटं ही वर्णनं या ऑफिसकडून लिहून घेत. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, एका रांगेत टेबलं, आणि खालून दिवसभर कोणी ना कोणी घंटी वाजवून बघतोय.

ऑफिस चालवणाऱ्या मॅडम पूर्वी वर्तमानपत्रात होत्या. अंगाने भरभक्कम आणि बोलायला काटकसरी. त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. दिसणाऱ्याने लिहायचं आणि न दिसणाऱ्याने ऐकून पास करायचं. ऐकताना मनात काही उभं राहिलं तर पास, नाही तर परत. दिसणाऱ्यांना आपण काय वगळलं ते कधी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

भिंगरीची वर्णनं ऐकायला जी शेजारच्या टेबलावर बसायची, तिला सगळे रेडिओ म्हणत. भिंगरीच्याच वयाची, जन्मापासून दृष्टी नाही आणि तोंडाला विश्रांती नाही. हे नाव तिचं तिनेच ठेवून घेतलं होतं, दुसऱ्या कोणी ठेवायच्या आत. तिची स्मरणशक्ती अशी की मागच्या महिन्यातलं वर्णन भिंगरीच्याच आवाजात, भिंगरीच्याच सुरात म्हणून दाखवील. आणि प्रश्न म्हणाल तर पोत्याने.

"भिंगरी, ही बाई भिंतीला टेकून उभी आहे. कालचीही टेकली होती. परवाचीही. भिंती पडायला आल्यात का कुठे?"

"नाही गं. तशी पोज असते."

"आणि एक पाय पुढे का?"

"त्याने पाय लांब दिसतात."

"बरं. लांब पायांचं करायचं काय?"

भिंगरी विचारात पडली. लांब पाय हवेत म्हणून ती वर्षानुवर्षं झुरली होती, पण ते मिळाल्यावर त्यांचं काय करायचं हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. "बस पकडायला बरे," ती शेवटी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की मॅडमनी आतून खाकरून दाखवलं.

असं रोज चालायचं. ओठ पुढे काढून उभ्या असलेल्या मुलीचं वर्णन ऐकून रेडिओ विचारायची, हिचा चहा गरम आहे का. कमरेवर हात ठेवून कोपर बाहेर काढलेल्या मुलीबद्दल विचारायची, दारातून आत कशी येत असेल. भिंगरी समजावून सांगायची, की दंड अंगाला टेकला तर चपटा होऊन जाड दिसतो, म्हणून तो असा लांब धरतात.

"म्हणजे फोटो काढताना लोक दंडाचा विचार करतात?"

"दंडाचाच करतात."

"डोळे असणाऱ्यांना कामं फार," रेडिओ म्हणाली.

भिंगरीला हे प्रश्न मनापासून आवडायचे. आपण जे बघत आलो ते दुसऱ्या बाजूने कसं दिसतं, म्हणजे न दिसता कसं वाटतं, याची तिला चटकच लागली. घरी बसून फोन चाळतानाही आता ती मनात म्हणायची, यावर रेडिओ काय विचारील? आणि बहुतेक वेळा रेडिओ भलतंच विचारायची.

एकदा व्यायामवाल्या अकाउंटचा फोटो होता. भिंगरीने लिहिलं, 'सडपातळ तरुणी, पोट सपाट, गळ्याखालची हाडं उठून दिसतात, आरशासमोर उभी.'

"पोट सपाट म्हणजे? टेबलासारखं?"

"जवळजवळ."

"मग जेवलेलं जातं कुठे?"

"फोटोच्या आधी जेवत नाहीत."

"अस्सं." रेडिओने स्वतःच्या गळ्याखाली बोट फिरवलं. "आणि ही हाडं? माझी आहेत का?"

"आहेत की. सगळ्यांना असतात. पण तुझी आत आहेत. तू बाळसेदार आहेस, तुझी कशी दिसतील?"

भिंगरीने हे लाडाने म्हटलं होतं, गालगुच्चा घ्यावा तसं. रेडिओ हसली, तिने वर्णन पास केलं, आणि भिंगरी ते विसरूनही गेली.

त्यानंतर रेडिओचे प्रश्न कमी व्हायला लागले. एकदम नाही, हळूहळू. आधी भिंगरीला वाटलं, झाली असेल सवय, सगळ्याच भिंती आणि सगळेच पाय, विचारून विचारून विचारणार किती. जेवायच्या सुट्टीत रेडिओ जागेवरच बसून राहायची. डबा उघडायची आणि थोडं इकडून तिकडे करून बंद करायची. विचारलं तर म्हणायची, सकाळी पोटभर खाल्लंय. मधूनच म्हणायची, आज डबा आणलाच नाही. तिच्या हातातलं बोलणारं घड्याळ मनगटावर घट्ट असायचं, ते सैल झालं. गालांची गोलाई उतरली. आणि एके दिवशी ती पाण्याची बाटली घ्यायला वाकली तेव्हा गळ्याखालची दोन्ही हाडं शर्टाच्या आतून स्पष्ट वर आली.

भिंगरीच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. पण खरं ते सांगायला हवं. तिला आधी काळजी वाटली नाही. आधी हेवा वाटला. आपण एवढं सगळं बघतो, चिमटे काढतो, एक दिवस उपाशी राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट खातो, आणि हिला बघा, न बघता जमलं.

"काय गं," ती म्हणाली, "छान बारीक झालीस. करतेस तरी काय?"

"काही नाही," रेडिओ म्हणाली. पण बऱ्याच दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

मग ते सायकलचं प्रकरण झालं. चूक तशी भिंगरीचीच. दोन फोटो तिच्यासमोर उघडे होते, एक व्यायामाच्या सायकलवर बसलेल्या मुलीचा आणि एक केकवाल्या बाईंच्या स्वयंपाकघरातला. मधेच आईचा फोन आला, भिंगरीचं लक्ष उडालं, आणि दोन्हीचं कालवण होऊन वर्णन तयार झालं: 'सडपातळ तरुणी सायकलवर बसून दोन्ही हातांनी मोठ्या भांड्यात पीठ ढवळते आहे.' रेडिओने ते ऐकलं आणि पास केलं. केकवाल्या बाईंच्या अकाउंटवर ते गेलं, आणि ऐकणाऱ्या लोकांनी ते ऑफिसला परत कळवलं. कोणीतरी लिहिलं होतं, हा केक कुठे मिळेल, सायकल सोबत येते का.

मॅडमनी दोघींना आत बोलावलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "भिंगरी, तुझं समजलं. घाईत होतं असं. पण रेडिओ, तू हे पास कसं केलंस? हँडल कोणी धरलंय, भांडं कशावर ठेवलंय, तुला काहीच विचारावंसं वाटलं नाही?"

"लक्ष नव्हतं, मॅडम. चुकलं."

रेडिओ भिंतीचा अंदाज घेत बाहेर गेली. मॅडमनी भिंगरीला थांबवलं. दाराकडे बघत त्या म्हणाल्या, "या मुलीने पहिल्या दिवशी मला विचारलं होतं, फोटोतल्या ढगाला मागची बाजू असते का. तिचे प्रश्न कुठे गेले, ते शोध."

"मी कशी शोधू?"

"शेजारी तू बसतेस. मी नाही."

भिंगरी बाहेर आली ती खजील होऊन. पण त्याहून जास्त तिला कुतूहल वाटत होतं, आणि पहिल्यांदाच भीतीही. एका मुलीचे प्रश्न आटतात, अंगही आटतं, दोन्ही एकाच वेळी. याचा काहीतरी संबंध असणार. आणि तो संबंध वेळेत सापडला नाही तर ही मुलगी अशीच कमी कमी होत जाईल, आणि आपण शेजारी बसून छान छान म्हणत राहू.

जेवायच्या सुट्टीत रेडिओ जागेवर नव्हती. ती जिन्यात सापडली. एक हात भिंतीला लावून, पायरीवर बसून, नुसती श्वास घेत होती. खाली कोणी चाकात हवा भरत होतं. भिंगरी तिच्या शेजारी टेकली.

"जेवली नाहीस."

"भूक नाही."

"थापा मारू नकोस. तुझ्या पोटातलं मला इथपर्यंत ऐकू येतंय."

"ऐकायचं काम माझं आहे," रेडिओ म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "एक विचारू? पण रागवायचं नाही."

कित्येक दिवसांनी प्रश्न येत होता. भिंगरीला इतकं बरं वाटलं की ती म्हणाली, "दहा विचार."

"तुझ्या फोटोंत दोन प्रकारची माणसं असतात. एकांना कंबर असते, मान असते, पाय असतात. दुसऱ्यांना नुसता शर्ट असतो. असं का?"

"म्हणजे?"

रेडिओने मान जरा तिरकी केली आणि भिंगरीच्या आवाजात म्हणायला लागली. "'सडपातळ तरुणी, लांब मान, सपाट पोट, समुद्राकडे पाठ करून उभी.' हा एक प्रकार. आता दुसरा ऐक. 'निळ्या शर्टातली हसरी बाई, हातात केक.' 'लाल ड्रेसमधली हसरी तरुणी, बाकावर बसलेली.' 'हिरव्या शर्टातला हसरा मुलगा, शेजारी कुत्रा.' कुत्र्याचे कान लोंबते आहेत हे तू लिहिलं होतंस. मुलाचं काहीच नाही. त्याला अंग नव्हतं का?"

भिंगरी नखाने पायरीची कड खरवडायला लागली.

"आधी वाटलं, घाईत असशील. मग लक्षात आलं, तुझा नेम कधी चुकत नाही. अंग सांगितलंस की ते बारीकच असतं. जिथे बारीक नसतं, तिथे शर्ट. आणि शर्टवाले सगळे हसरेच असतात. बारीक माणसं मात्र हसली नाहीत तरी चालतं."

हे खरं होतं. अक्षरन्‌अक्षर खरं होतं, आणि तिला ते आत्ता कळत होतं. असं कर म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. फोटोत जाड माणूस आलं की तिची बोटं आपोआप कपड्यांच्या रंगाकडे वळायची. जाडाला जाड म्हणू नये, एवढं वळण घरचं होतंच. तिला तो सभ्यपणा वाटायचा. कोणाला दुखवायला नको म्हणून ती त्यांचं अंगच गाळून टाकत होती, आणि आपण किती चांगलं वागतो असं वर समजत होती.

"मला काय माहीत होतं?" रेडिओ सांगत होती. "मी कोणाला पाहिलेलं नाही. लोकांना काही हात लावून बघता येत नाही. माझ्यासाठी बाहेरचं जग म्हणजे तू लिहिशील तेवढं. मला वाटायचं, अंग म्हणजे अंग. तुझं ऐकून ऐकून कळलं, की सांगण्यासारखं अंग वेगळं असतं आणि झाकण्यासारखं वेगळं. मग तू म्हणालीस, माझी हाडं दिसत नाहीत. म्हटलं, मी पण शर्टवालीच. त्या शर्टांच्या आत काय आहे ते तू कधी सांगितलंच नाहीस, म्हणून वाटलं, काहीतरी भयंकर असणार."

"नाही गं, तसं नाही."

"मग आता खरं सांग. माझा फोटो तुझ्याकडे आला असता, दोन-तीन महिन्यांपूर्वीचा, तर काय लिहिलं असतंस?"

भिंगरीला खोटं बोलायची फार इच्छा झाली. एखादं गोड वाक्य जिभेवर आलंही. पण या मुलीचे कान तिला माहीत होते.

"पिवळ्या शर्टातली हसरी मुलगी," ती म्हणाली.

"बघ," रेडिओ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. उत्तर बरोबर आल्यासारखी ती नुसती मागे टेकली.

भिंगरीला रडू येत होतं, आणि रडणं हे या वेळी अगदीच निरुपयोगी आहे हेही कळत होतं. "तू छान आहेस गं," ती कशीबशी म्हणाली. "खरंच. सुंदर आहेस."

"सगळे तेच म्हणतात. आंधळ्या मुलीला लोक सुंदर म्हणून मोकळे होतात. त्याचं मी काय करू, ते सांग."

खाली हवा भरणं थांबलं आणि कोणीतरी घंटी वाजवून बघितली. भिंगरीने नाक पुसलं.

"मी पण शर्टवाली आहे," ती म्हणाली.

रेडिओ सरळ झाली. "तू? तुझा आवाज तर बारीक आहे."

"आवाजाचं काय. मी आहे शर्टवाली. चांगली जाडी आहे."

"खोटं."

"खोटं कशाला बोलू? ऐक." आणि भिंगरीने त्या जिन्यात बसून, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचं वर्णन मोठ्याने केलं. तिला वाटलं होतं, दोन वाक्यांत घशात अडकेल. पण सुरुवात केल्यावर हात कामाला लागावेत तशी जीभ कामाला लागली. "दंड जाड. शर्टाची बाही तिथे घट्ट होते आणि काढल्यावर वळ राहतो. हनुवटीखाली थोडं लोंबतं, मान खाली घातली की जास्त. बसले की पोटाला दोन वळ्या पडतात, वरची छोटी, खालची मोठी. मांड्या चालताना एकमेकींना घासतात, गरमीत तिथे लाल होतं. पावलं मात्र लहान आहेत. गालाला एकाच बाजूला खळी पडते. शाळेत असल्यापासून मी खांद्याखालचा एकही फोटो कुठे टाकलेला नाही. लोकांना वाटत असेल, हिला खाली काही नाहीच."

खालून घंटी पुन्हा वाजली. रेडिओ पूर्ण एकाग्र होऊन ऐकत होती. एखादं वर्णन मनात उभं राहायला लागलं की तिचा चेहरा असा व्हायचा.

"वरची छोटी आणि खालची मोठी का?"

"काय माहीत. माझी बसायची पद्धत असेल."

"आणि खळी एकीकडेच? दुसरीकडची कुठे गेली?"

"आलीच नाही."

"मांड्या घासतात तेव्हा आवाज येतो का?"

"जाड कापडाची पॅंट असली की येतो. झुक झुक."

"तो मी ऐकलाय," रेडिओ म्हणाली. "रोज सकाळी तू येतेस तेव्हा. मला तो आवाज आवडतो. मला वाटायचं, तुझी बॅग घासतेय." तिने हात पुढे केला. भिंगरीने आपला दंड तिच्या हातात दिला. रेडिओने तो दाबून बघितला, सावकाश, वरपासून कोपरापर्यंत. "हेच का ते? हे लपवायला लोक कोपर बाहेर काढून उभे राहतात?"

"हेच."

"मला वाटलं होतं, काय असेल नि काय नाही."

भिंगरीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही आलं. असं दोन्ही एकदम कधी झालं नव्हतं.

"आता माझं सांग," रेडिओ म्हणाली. "आत्ताचं. गाळायचं काही नाही."

भिंगरीने तिच्याकडे बघितलं. आणि मग तिला जाणवलं, की गेल्या कित्येक आठवड्यांत तिने रेडिओची हाडं बघितली होती, मनगट बघितलं होतं, पण रेडिओला अशी सगळी बघितलीच नव्हती.

"चेहरा गोल होता, तो लांबट झालाय. गालांखाली खड्डे पडलेत. ओठ कोरडे, कोपऱ्यात चिरलेत. डोळ्यांखाली काळं आलंय. घड्याळ हात वर केलास की कोपरापर्यंत घसरतं. शर्ट तोच पिवळा आहे, पण खांद्याची शिवण दंडावर उतरलीय. केस विरळ झालेत, भांगाजवळ डोकं दिसतं. आत्ता मी आले तेव्हा भिंत धरून बसली होतीस."

"पण तू तर छान म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. मला लाज वाटते त्याची. मला फक्त हाडं दिसली आणि मी जळले तुझ्यावर."

रेडिओने स्वतःच्या गालाखाली बोट फिरवून बघितलं. मग एकेक प्रश्न बाहेर यायला लागला.

"हे सगळ्यांना दिसतं?"

"हो."

"मॅडमना?"

"त्यांनीच मला सांगितलं, तुझं काय बिनसलंय ते बघ म्हणून."

"आणि आईला?"

"आईला तर रोज दिसत असेल."

"आई काहीच बोलत नाही." रेडिओ सैल घड्याळ मनगटावर फिरवत राहिली. "डबा भरलेला परत जातो तरी बोलत नाही. मला वाटलं, तिला कळलंच नाही. मला वाटलं, लपवायचं जमलं मला."

तिने खिशातून फोन काढला. रेडिओचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, आई या वेळी घरीच असायची. भिंगरी उठायला लागली, तर रेडिओने तिची बाही धरून ठेवली आणि फोनचा आवाज मोठा केला.

"काय गं, या वेळेला? बरी आहेस ना?" मागे नळ सुरू होता, भांडी वाजत होती.

"आई, मी कशी दिसते?"

"छान दिसतेस." उत्तर हाताशी ठेवल्यासारखं लगेच आलं.

"ते राहू दे. काय दिसतं ते सांग."

भांडी वाजायची थांबली. नळ मात्र चालूच होता.

"वाळलीस गं," आई म्हणाली. "अगदी वाळलीस. पाठीची हाडं वर आलीत. परवा केस विंचरून देताना माझा हात थांबला."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुला काही दिसत नाही. मग सांगून कशाला दुखवायचं."

"मला हाताला लागतं ना, आई."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रेडिओने बाही घट्ट धरली होती. भिंगरी जागची हलली नाही.

"आई, आधी कसं होतं? म्हणजे पोट वगैरे."

"कसं म्हणजे? चांगलं भरलेलं होतं. माझ्यासारखं. तुझ्या मावश्यांसारखं. आपल्याकडे सगळ्यांचं असंच असतं."

रेडिओने फोन छातीशी धरला आणि भिंगरीकडे तोंड वळवलं. "मी लहानपणी तिच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचे," ती हळू आवाजात म्हणाली. "आत काहीतरी गुडगुडायचं, ते ऐकत. त्याच्यावर झोप इतकी छान लागायची. एवढी वर्णनं ऐकली मी, पण आई पण शर्टवाली असेल हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही."

फोनमधून आई हाका मारत होती. "ऐकतेयस ना? कुठे गेलीस?"

"इथेच आहे," रेडिओ म्हणाली. तिने भिंगरीचा खांदा धरला आणि उभी राहिली. "आई, तू जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग आत्ता येते मी. सगळं संपवीन असं म्हणत नाही, आई. पण जेवायला थांब."